‘रिव्हर्ट द सेम’: एका मेलचं प्रकरण

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मेल गेला. इंग्लंडात तेव्हा दुपारचे दोन चाळीस. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, त्यांची घड्याळं अजून उन्हाळी वेळेवर होती, त्यामुळे आपल्यात नि त्यांच्यात साडेचारच तासांचं अंतर. नमस्कार-चमत्कार वगळले तर मेलमध्ये कामाच्या ओळी दोनच: ‘वी हॅव डन द चेंजेस इन डिलिव्हरी चार्ज मॉड्यूल. काइंडली चेक अँड रिव्हर्ट द सेम बाय मंडे.’

हे वाचून तुम्हाला काहीच खटकलं नसेल, तर तुम्ही भारतीय ऑफिसात चांगले मुरलेले आहात. मलाही खटकलं नव्हतं. मी त्या मेलच्या सीसीत होते, मेल वाचला होता, आणि कंपनीत मला पगार मिळत होता तोच मुळी इंग्रजी लिहिण्याचा: सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं, रिलीजच्या नोंदी, ग्राहकाला जाणारे अहवाल. तेव्हा या प्रकरणात बोट दाखवायचंच तर सुरुवात माझ्यापासून.

कंपनी पुण्यातली, पन्नासेक माणसांची. ग्राहक इंग्लंडातला, लाकडी सामान विकणारा. सोफा किंवा कपाट घरपोच पाठवायचं तर किती अंतर, किती मजले, लिफ्ट आहे का, यावरून भाडं ठरतं; ते गणित आमच्या तिघा डेव्हलपरांनी तीन आठवडे खपून नव्यानं बसवलं होतं. कोडचा रेपो, म्हणजे सगळा कोड ठेवायचं कोठार, एकच; दोन्हीकडची माणसं त्यात काम करत. डेव्हलपर आपलं काम आधी वेगळ्या प्रतीत, ब्रँचमध्ये, करतात आणि मग ते सगळ्यांच्या मुख्य ब्रँचमध्ये मिसळतात, म्हणजे मर्ज करतात. शुक्रवारी दुपारी आमचं काम असं मर्ज झालं. बुधवारी रिलीज ठरलेला. प्रोजेक्ट मॅनेजर सरांनी मेल टाकला नि सगळे घरी गेले.

रात्री साडेआठला उत्तर आलं: ‘डन, रिव्हर्टेड. हॅव अ गुड वीकेंड.’

या उत्तरानंही कुणी दचकलं नाही, हे मला आजही या प्रकरणातलं सगळ्यात मजेशीर वाटतं. सरांच्या लेखी रिव्हर्ट म्हणजे उत्तर देणं; त्यांनी ते मोबाइलवर वाचलं आणि त्यांना कळलं ते असं, की गड्यानं तपासलंय, उत्तरही दिलंय, सविस्तर सोमवारी येईल. तिकडचा डेव्हलपर समजत होता की आपण सांगितलेलं काम चोख केलं. त्याला वाक्य दिसलं होतं ते असं: बदल केले आहेत, बघून घ्या आणि सोमवारपर्यंत ते मागे घ्या. त्याला जरा विचित्र वाटलं होतं म्हणे. पण शुक्रवारी उशिरा काहीतरी चूक सापडली असेल, असा त्यानं अंदाज बांधला आणि तीन आठवड्यांचं काम एका कमांडनं मागे घेतलं. दोन्ही बाजूंनी एकच शब्द वापरला, दोन्ही बाजूंना तो पुरता कळला आणि दोन्हीकडचा शनिवार-रविवार सुखात गेला.

सोमवार

सकाळी मुसळधार पाऊस, त्यात हिंजवडीचा रस्ता. अर्धी टीम साडेअकराला पोचली. टेस्टिंगवाली मुलगी आधी आली होती. तिनं सांगितलं की नवं भाडं दिसतच नाही, जुनंच दिसतंय. धाकट्या डेव्हलपरला वाटलं सर्व्हर जुना असेल. मग वाटलं कॅश असेल, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी प्रतच दिसत असेल. बारा वाजता त्यानं रेपोचा इतिहास उघडला तेव्हा सगळ्यात वर ‘रिव्हर्ट’ या शब्दानं सुरू होणारी, तिकडच्या माणसाच्या नावाची नोंद होती.

त्यानं जे केलं ते कुणीही केलं असतं. आमची ब्रँच शाबूत होती, ती त्यानं पुन्हा मर्ज करायला घेतली. गिटनं, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, उत्तर दिलं: ‘ऑलरेडी अप टू डेट.’

तो माझ्या टेबलाशी आला. माझ्याकडे कशाला, तर मी शेजारी बसते आणि चिडत नाही, म्हणून. ‘ताई, गिट म्हणतंय सगळं आलेलंय. पण कोड तर नाहीये.’

यात दुपार गेली. चार वाजता आमच्यातले सर्वांत अनुभवी गृहस्थ दुसऱ्या प्रोजेक्टमधून सुटले आणि त्यांनी उभ्या उभ्या उलगडा केला. ते वाणिज्य शाखेचे पदवीधर, प्रोग्रॅमिंग नंतर शिकलेले, त्यामुळे त्यांचा दाखला खातेवहीचा. ‘अरे, वहीत चुकीची नोंद झाली तर आपण पान फाडतो का? नाही. खाली उलट नोंद टाकतो. जमेचं नावे, नावेचं जमा. पहिली नोंद तशीच राहते. गिट रिव्हर्ट म्हणजे उलट नोंद. पान फाडायचं असेल तर त्याला रिसेट म्हणतात. आता तू तोच माल पुन्हा जमा करायला गेलास. गिट म्हणतं, हा तर शुक्रवारीच जमा झालाय, बघ वहीत. नंतर कुणी त्याची उलट नोंद टाकली, ती त्याच्या लेखी वेगळी गोष्ट आहे.’

‘मग आता?’

‘उलट नोंदीची उलट नोंद.’

म्हणजे रिव्हर्ट रिव्हर्ट करायचं. हा काही त्यांचा शोध नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये गिट लिहिलं, आणि मर्ज रिव्हर्ट केल्यावर नेमका हाच घोळ होतो हे समजावणारं त्यांचं टिपण गिटच्या अधिकृत माहितीतच आहे. पाच वाजता कोड परत जागेवर आला. पण टेस्टिंग पहिल्यापासून.

मला मात्र खातेवहीचा दाखला डोक्यात राहिला. कारण गिटमध्ये तरी ‘रिव्हर्ट’ ही मागे जाण्याची क्रिया नाहीच. ती पुढची नोंद आहे, तारीख आजची, सही आजची. फक्त तिच्यानंतरचं चित्र जुन्यासारखं दिसतं. मधलं काही पुसलं जात नाही.

एका शब्दाच्या तीन नोकऱ्या

घरी जेवताना बाबांना सगळं सांगितलं. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, ‘रिव्हर्ट केलं? कुणाला?’

त्यांच्या कचेरीत रिव्हर्ट व्हायची ती माणसं. हंगामी बढतीवर वरच्या खुर्चीत बसलेल्याला मूळ पदावर परत पाठवलं, की ‘तो रिव्हर्ट झाला’ म्हणायचे. कागदावर पदावनती, तोंडी रिव्हर्ट. ‘आमच्याकडे हा शब्द ऐकला की माणसाचं तोंड उतरायचं,’ बाबा म्हणाले, ‘आणि तुम्ही तो मेलात घालता?’ हा अर्थ कोपऱ्यातला नाही. परशोतम लाल धिंग्रा या रेल्वे कर्मचाऱ्याला हंगामी वरच्या पदावरून असंच रिव्हर्ट केलं गेलं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1957 च्या निकालात ती शिक्षा नव्हे असं बहुमतानं ठरलं. सेवाविषयक कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल वाचावा लागतो.

म्हणजे एकाच घरात, एकाच ताटाशी, या शब्दाचे तीन अर्थ बसले होते: बाबांचा पदावनतीचा, आमच्या मॅनेजर सरांचा उत्तर देण्याचा आणि गिटचा उलट नोंदीचा. लॅटिनमध्ये मूळ साधं आहे, ‘वेर्टेरे’ म्हणजे वळणं, त्याला मागचा ‘रे’ जोडला की मागे वळणं. माणूस मूळ पदाकडे वळतो, जमीन करार संपल्यावर मूळ मालकाकडे वळते, बोलणारा आडवळणाला जाऊन मूळ विषयाकडे वळतो.

उत्तर देण्याचा अर्थ या शेवटच्या वाटेनं आला असावा, असं मला तरी दिसतं. ‘वी शॅल रिव्हर्ट टू धिस मॅटर’, या विषयाकडे आम्ही पुन्हा येऊ, हे चोख इंग्रजी आहे. त्यातला विषय गळाला, माणूस आला: ‘वी शॅल रिव्हर्ट टू यू.’ मग माणूसही गळाला: ‘प्लीज रिव्हर्ट.’ जहाजं भाड्यानं देण्याघेण्याच्या धंद्यात ‘विल रिव्हर्ट’ जगभर चालतं, तिथं कुणाला ते भारतीय वाटत नाही. आणि आता मोठे इंग्रजी शब्दकोशही हा अर्थ दक्षिण आशियाई इंग्रजीतला म्हणून नोंदवतात. त्यामुळे ‘रिव्हर्ट म्हणजे उत्तर हे चूकच’ असं कुणी ठासून सांगितलं, की मी मान हलवत नाही. कोट्यवधी लोक रोज एक शब्द एका अर्थानं वापरतात आणि एकमेकांना तो कळतो, तर तो त्यांचा शब्द आहे.

आमच्या मेलात गफलत केली ती वेगळ्याच दोन शब्दांनी: ‘द सेम’. नुसतं ‘प्लीज रिव्हर्ट’ असतं तर इंग्रज बुचकळ्यात पडला असता आणि त्यानं विचारलं असतं, काय रिव्हर्ट करू? कारण जुन्या इंग्रजी वापरात रिव्हर्ट हे क्रियापद बहुधा अकर्मक असतं; एखादी गोष्ट आपण होऊन मागे वळते. त्याला कर्म लागतं ते मुख्यतः संगणकाच्या कामात: बदल रिव्हर्ट करणं. ‘द सेम’ हे कर्म आम्हीच ताटात वाढलं. सरकारी पत्रांतल्या ‘सदर’सारखा हा आपला लाडका शब्दप्रयोग, ‘सदर बाबत कळवावे’ असं मनात आणि ‘रिव्हर्ट द सेम’ असं कागदावर. ‘बाबत’ वाटेत कुठंतरी सांडलं. कर्म मिळाल्याबरोबर शब्द आपसूक गिटच्या अर्थात जाऊन बसला, आणि वाचणारा होता डेव्हलपर.

मंगळवार, जो गुरुवार झाला

प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं. पण सोमवारी संध्याकाळी तिकडच्या टीमच्या प्रमुखानं, सगळा घोळ ऐकून, शांतपणे लिहिलं: बुधवारचा कॉल एक दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ करू या. मंगळवारी तो गृहस्थ कॉलवर बारा मिनिटं एकटा बसला होता. आमच्याकडे सगळ्यांनी गुरुवारची नोंद केली होती.

यात आमची बाजू भक्कम आहे, असं माझं मत. मराठीत ‘पुढे’ म्हणजे नंतर, यात दोन मतं नाहीत. परीक्षा पुढे ढकलली, लग्न पुढे गेलं. ‘मागे’ म्हणजे होऊन गेलेलं: मागे एकदा, मागल्या वर्षी. इंग्रजीत ‘फॉरवर्ड’ दोन्हीकडे तोंड करतो. तुम्ही स्वतःला काळातून चालणारा समजलात, तर पुढे म्हणजे अजून नंतर. काळच तुमच्याकडे चालत येतोय असं धरलंत, तर त्याची पुढची दिशा म्हणजे तुमच्या अंगाशी, म्हणजे आधी. आणि हे फक्त आपलं अडखळणं नाही. ‘बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड केली, तर ती आता कधी?’ हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्यांना विचारला, तर साधारण निम्मे म्हणतात सोमवारी, निम्मे म्हणतात शुक्रवारी. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकल रॅमस्कर यांनी 2002 मध्ये छापलेल्या अभ्यासात तर विमानतळावरच्या लोकांना गाठलं होतं. नुकतेच विमान प्रवास करून उतरलेले लोक ‘शुक्रवार’कडे जास्त झुकले. स्वतः हलून आलेल्या माणसाला पुढे म्हणजे पुढेच वाटतं.

त्या प्रमुखानं ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहिलं असतं तर त्याच्या लोकांत तरी संशय उरला नसता. त्याचा अर्थ आधी घेणं. ‘पुश बॅक’ म्हणजे मात्र नंतर करणं, आणि तो शब्दशः वाचला की आपल्या कानाला नेमका उलटा लागतो: मागे ढकलली, म्हणजे आधी घेतली ना? ‘प्रीपोन’ला हसणाऱ्यांचं मला म्हणून आश्चर्य वाटतं. तारीख अलीकडे आणणं, हे एका शब्दात आणि दुसरा अर्थच निघणार नाही असं सांगणारं क्रियापद इंग्रजीत रुळलेलं नव्हतं, ते आपण रुळवलं. त्या सोमवारच्या मेलमध्ये ‘प्रीपोन’ असता तर पुण्यात एकही माणूस चुकला नसता. वाचणारा इंग्रज असता तर अडला असता, पण त्यानं विचारलं असतं. अनोळखी शब्दाचं हे बरं असतं, तो निदान थांबवतो. गोत्यात आणतात ते ओळखीचे शब्द.

गुरुवारी अखेर कॉल झाला. सुरुवातीचं हवापाणी. सोमवारच्या उशिराचं कारण सांगताना आमचा एकजण म्हणाला, ‘मान्सून इज रिटर्निंग.’ पलीकडून काळजीचा स्वर: अरे बापरे, परत येतोय? म्हणजे अजून काही आठवडे?

आम्ही हसलो, मग मी विचारात पडले. परतीचा पाऊस हा इतका ओळखीचा शब्द, की परत कुठे, हे कधी मनातच येत नाही. मराठीत परतणं हे ज्याच्या त्याच्या घराच्या दिशेनं असतं. पाहुणा परतला म्हणजे आपल्याकडून गेला. मुलगा परतला म्हणजे आपल्याकडे आला. पाऊस पाहुणा आहे हे आपल्याला सांगावं लागत नाही. इंग्रजीत ‘द मान्सून इज रिटर्निंग’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या अंगणात तो पुन्हा येतोय. हवामान खातं म्हणूनच ‘विथड्रॉअल’ म्हणतं, काढता पाय. मुंबईतून त्याची सर्वसाधारण तारीख 2020 पासून 8 ऑक्टोबर धरतात. भूगोलाच्या पुस्तकांत ‘रिट्रीटिंग मान्सून’ असतो. रिट्रीट मुळात फौजेची माघार, समोरून दाब आला म्हणून पाय मागे. उत्तरेकडच्या कोरड्या हवेपुढे पावसाचे ढग हटत जातात, तेव्हा त्याला रिट्रीट म्हणणं चुकीचं नाही. आणि पुराचं पाणी मागे जातं तेव्हा तिसराच शब्द, ‘रिसीड’. त्याला ना घर, ना शत्रू, नुसतं ओसरणं. ओसरणं हा आपला शब्द मला त्याहून आवडतो, कारण पूर ओसरतो, ताप ओसरतो, लग्नघरातली गर्दीही ओसरते आणि कुणी कुठे गेलं हे विचारावं लागत नाही.

अहवाल

चुकीचं मूळ शोधून ग्राहकाला लेखी द्यायचं, ही या धंद्यातली रीत. सगळे त्याला आरसीए म्हणतात. तो लिहायचं माझ्याकडे आलं. सरांनी दिलेल्या कच्च्या मजकुरात पहिलंच वाक्य होतं की शुक्रवारच्या बदलांनंतर ‘रिग्रेशन’ झालं. त्यांच्या मनात मागे जाणं एवढंच होतं. मी ते वाक्य घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले.

‘सर, हे गेलं तर आपण कबुली दिल्यासारखं होईल.’

‘कसली? कोड मागे गेला, हे खरंच आहे.’

‘रिग्रेशन म्हणजे आपल्या नव्या कोडनं आधी चालणारं काहीतरी मोडलं. आपल्या कोडनं काही मोडलेलं नाही. तो काढला गेला.’

सर थांबले. मागे जाण्याच्या इंग्रजी शब्दांत हा एक स्वभावानं वाईट आहे. ‘ग्राडी’ म्हणजे पाऊल टाकणं. प्रोग्रेस पाऊल पुढे, रिग्रेस पाऊल मागे, आणि पुढे म्हणजे चांगलं हे गृहीत. रिटर्न, रिव्हर्ट, रिसीड बरे-वाईट काही म्हणत नाहीत. रिग्रेस म्हटलं की घसरण. गंमत म्हणजे संख्याशास्त्रात याच शब्दाला कुणी नावं ठेवत नाही. फ्रान्सिस गाल्टन यांना दिसलं, की फार उंच आईबापांची मुलं उंच असली तरी तितकी नसतात, सरासरीकडे सरकतात. 205 जोडपी आणि त्यांची 928 मोठी झालेली मुलं, असा त्यांचा हिशेब होता, आणि 1886 मध्ये छापलेल्या निबंधात त्यांनी याला ‘रिग्रेशन’ म्हटलं. पण त्याआधी 1877 मध्ये, वाटाण्याच्या कुळातल्या स्वीट पीच्या बियांवर बोलताना, त्यांनी याच गोष्टीला शब्द वापरला होता ‘रिव्हर्शन’. म्हणजे आमच्या अहवालातले दोन शब्द खुद्द गाल्टननीही अदलून-बदलून पाहिले होते. हे मी सरांना सांगितलं नाही. केबिनमध्ये तेवढा वेळ नव्हता.

दुसरं वाक्य धाकट्याचं होतं: ‘द इश्यू रिलॅप्स्ड ऑन मंडे.’ जुनं भाडं परत दिसायला लागलं, म्हणून रिलॅप्स. त्याला मी विचारलं, ‘तुझ्या आजीचं दुखणं उलटलं असं कधी म्हणतोस?’

‘बरं वाटून परत झालं की.’

‘मग इथं आजारी कोण होतं?’

त्यानं ते काढून टाकलं. उलटणं आणि रिलॅप्स यांची जोडी इतकी नीट बसते, की मला शिकवायला काही उरलंच नाही. दोघांनाही आधी आजार, मग उतार लागतो, मग पुन्हा पडणं. डॉक्टर तर त्यातही बारकावा पाळतात: मलेरियाचे जंतू यकृतात दडून बसले आणि काही महिन्यांनी उठले तर रिलॅप्स, रक्तातलेच पुरते मेले नव्हते आणि पुन्हा वाढले तर रीक्रुडेसन्स. या रिलॅप्समधला ‘लॅप्स’ मराठी इतिहासात वेगळ्या वेषात येऊन गेला आहे. घसरणं, निसटणं हा त्याचा मूळ अर्थ. औरस वारस नाही म्हणून संस्थान निसटून सार्वभौम सत्तेकडे गेलं, असं डलहौसीचं म्हणणं, आणि त्यातलं पहिलं मोठं संस्थान 1848 मध्ये सातारा. इंग्रजीत ते आपण होऊन निसटलं. मराठीत मात्र खालसा केलं. कर्ता कोण, हे मराठीनं लपवलं नाही.

अहवालाचं घोडंही इथंच अडलं होतं. कर्ता कोण? ‘द चेंजेस वेअर रिव्हर्टेड’ असं कर्मणी लिहिलं की कुणावरच येत नाही, आणि ग्राहकही खूश. सरांना तेच हवं होतं. मी दोन ओळी वाढवल्या: आमच्या मेलमधला शब्द भारतात उत्तर देणे या अर्थानं वापरला जातो, वाचणाऱ्यानं तो गिटच्या अर्थानं घेतला, आणि वाक्याची रचना तसाच अर्थ सुचवणारी होती. सर म्हणाले, ‘एवढं कशाला उघड करायचं?’ मी म्हटलं, नाहीतर पुन्हा होईल. ओळी राहिल्या. ग्राहकाकडून त्यावर एक शब्द आला नाही. रिलीज बुधवारचा होता, तो पुढच्या मंगळवारी झाला.

नंतर

उपाय म्हणून सरांनी फतवा काढला: मेलमध्ये रिव्हर्ट बंद. परिणाम असा, की आठवडाभर सगळे ‘रिप्लाय बॅक’ लिहू लागले. ‘रिटर्न बॅक’ आधीपासून होताच. मागचा ‘रे’ आपल्याला ऐकूच येत नाही, म्हणून आपण वर ‘बॅक’ची ठिगळं लावतो, परत माघारी जा म्हणतो, तसं.

फतव्यानं काही होत नाही हे दिसल्यावर मी अर्धं पान लिहून खोलीत भिंतीला लावलं. अर्थ आणि उदाहरणं असा तक्ता नाही केला, कारण तक्ते कुणी वाचत नाही. एकच प्रश्न वर मोठ्या अक्षरात: मागे गेल्यावर मधल्याचं काय होतं? खाली आमचेच शब्द. रिव्हर्ट: मधलं वहीत राहतं, वर उलट नोंद. रिसेट: पान फाडलं. रिस्टोअर: बॅकअपच्या दिवसापर्यंतचं मिळालं, त्यानंतरचं गेलं. रोलबॅक: व्यवहार पुरा होण्याआधीच मोडला, म्हणजे मधलं झालंच नव्हतं. शेवटी धाकट्यानं आपल्या हातानं पेननं एक ओळ जोडली: ‘जुना बग परत आला = ये रे माझ्या मागल्या.’ त्याला इंग्रजीत बॅकस्लाइड म्हणतात हे मी सांगितलं. तो म्हणाला, त्यात ताक-कण्या कुठे आहेत?

पाऊस गेला, दिवाळी झाली. डिसेंबरात त्याच इंग्रज डेव्हलपरचा मेल आला. सुट्टीचं वेळापत्रक, एक-दोन किरकोळ शंका, आणि खाली: ‘विल रिव्हर्ट ऑन द डिलिव्हरी मॉड्यूल बाय थर्सडे.’

धाकटा लॅपटॉप उचलूनच माझ्याकडे आला. ‘ताई, हा आपला रिव्हर्ट आहे की त्याचा?’

मी वाक्य दोनदा वाचलं. कर्म नाही, ‘ऑन’ आहे, म्हणजे बहुतेक आपला. तीन महिन्यांत आमच्याकडून उचललेला. ‘बहुतेक उत्तर देणार म्हणतोय,’ मी म्हटलं, ‘पण विचारून घे.’

‘विचारतो,’ तो म्हणाला, आणि आधी ब्रँचची एक प्रत काढून ठेवली.